जुना कमोड बदलायचाय? आधी टाकी मोजा

चार माणसांचं घर धरा. प्रत्येकजण दिवसातून पाच वेळा फ्लश करतो असं धरा, त्यातला एकदा शौचाला आणि चारदा लघवीला. टाकी दहा लिटरची आणि तिला एकच दांडी असेल, तर त्या घरातून रोज २०० लिटर पाणी नुसतं फ्लशमधून जातं. त्यातलं १६० लिटर फक्त लघवीवर. आणि हे पाणी धरणातून आणलेलं, गाळलेलं, क्लोरिन घातलेलं, म्हणजे पिण्याचं. आपल्याकडे शहरी पाणीपुरवठ्याचा निकष माणशी रोज १३५ लिटरचा आहे आणि त्यातले ४५ लिटर फ्लशसाठी धरायची पद्धत आहे. तीनातलं एक लिटर संडासात, हे सरकारदरबारीसुद्धा गृहीतच आहे.

आता त्या जागी दोन बटणांचा कमोड आला असं समजा. मोठ्या बटणाला सहा लिटर, छोट्याला तीन. तोच हिशेब माणशी अठरा लिटरवर येतो, घराचे बहात्तर. रोजचे १२८ लिटर वाचले, महिन्याचे ३,८४०. चाळीस फ्लॅटच्या सोसायटीत हे रोजचं पाच हजार लिटरच्या वर जातं, म्हणजे दर दोन दिवसांनी दहा हजार लिटरचा एक टँकर कमी. अर्थात हे कागदावरचं गणित झालं. नोकरी करणारी माणसं दिवसभर ऑफिसचा फ्लश वापरतात, पाहुणे गोंधळून दोन्ही बटणं एकदम दाबतात, आणि आजी-आजोबा दिवसभर घरात असतील तर फ्लशची संख्या वाढते. तरी यातली निम्मी बचत पदरात पडली तरी ती दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

दुकानात गेलात की बोलणं टाकीपासून सुरू होतं: किती लिटरची, बटणं कशी, क्रोमची की प्लास्टिकची. खरं काम मात्र भांडं करतं. कमी पाण्यात ज्या भांड्यातून घाण जात नाही त्याला कितीही छोटी टाकी जोडा, माणूस दोनदा फ्लश करणार आणि सहाचे बारा लिटर होणार. म्हणून आधी भांडं समजून घेऊ.

कमोडच्या तळाशी जे पाणी कायम उभं असतं ते मुद्दाम अडवलेलं असतं. भांड्यातली वाट आधी खाली जाते, परत वर वळते आणि मग पाइपात उतरते. त्या वळणात साठलेल्या पाण्यामुळे मैल्याच्या पाइपातला वास घरात येत नाही. यालाच प्लंबर ट्रॅप म्हणतात. अलेक्झांडर कमिंग नावाच्या स्कॉटिश घड्याळजीने १७७५ साली अशा वळणाच्या संडासाचं पेटंट घेतलं. मूळ कल्पना आजही तीच आहे. फ्लशने भांडं धुवायचं, मैला त्या वळणापलीकडे न्यायचा आणि जाता जाता वळणात स्वच्छ पाणी भरून ठेवायचं.

हे दोन पद्धतींनी साधतं. आपल्याकडच्या बहुतेक कमोडमध्ये पाणी काठाखालून जोरात उतरतं आणि मैल्याला पुढे ढकलतं. बाहेर जायची वाट रुंद असते, वळण आखूड. ही वॉशडाउन पद्धत. दुसरी सायफनची, अमेरिकेत घरोघरी तीच दिसते. तिथे वळणाची वाट अरुंद आणि लांब असते. फ्लशचं पाणी ती वाट पूर्ण भरून टाकतं आणि मग पुढे गेलेलं पाणी मागच्याला ओढून नेतं. पिंपातलं रॉकेल नळीने काढताना एकदा ओढून दिलं की पुढे आपोआप वाहत राहतं, तोच प्रकार. सायफनचं भांडं दिसायला स्वच्छ राहतं, कारण आत पाण्याचा पसारा मोठा असतो आणि कडांना फारसं काही चिकटत नाही. पण वाट पूर्ण भरेल इतकं पाणी मिळाल्याशिवाय ओढ लागतच नाही. वॉशडाउनला ती अट नाही. बदल्यात ब्रश जास्त वेळा फिरवावा लागतो. कमी पाण्याच्या कमोडबद्दल विक्रेते हे सहसा सांगत नाहीत.

दोन बटणांचा फ्लश अमेरिकेत नाही तर ऑस्ट्रेलियात जन्मला, त्याचं मोठं कारण हेच. देश कोरडा आणि भांडी वॉशडाउनची. १९८० साली कॅरोमा कंपनीतल्या ब्रूस थॉम्पसन यांनी दोन बटणांची टाकी बनवली. तेव्हा मोठा फ्लश ११ लिटरचा होता आणि छोटा साडेपाचचा. पुढे तो टप्प्याटप्प्याने सहा-तीनवर आला, आणि तिथवर येताना भांडंही नव्याने घडवावं लागलं.

अमेरिकेने हीच गोष्ट उलट्या बाजूने शिकून घेतली. १९९२ च्या कायद्याने १९९४ पासून घरगुती कमोडला १.६ गॅलनची, म्हणजे साधारण सहा लिटरची मर्यादा घातली. अनेक कंपन्यांनी घाईघाईत जुन्या घडणीच्या भांड्यांनाच छोटा फ्लश जोडला. लोक दोनदा दांडी दाबायला लागले, कमोड तुंबायला लागले, आणि पाणी वाचवणाऱ्या कमोडची पुरती बदनामी झाली. २००३ मध्ये मॅप नावाची स्वतंत्र चाचणी सुरू झाली ती यातूनच. सोयाबीनच्या पेस्टचे लांबट गोळे भांड्यात सोडायचे, फ्लश करायचा आणि एका दमात किती ग्रॅम गेलं ते जाहीर करायचं. वाचून हसू येतं खरं, पण यामुळे कंपन्यांना लिटरबरोबर ग्रॅमचीही स्पर्धा करावी लागली. तिथल्या वॉटरसेन्स या सरकारी शिक्क्यासाठी आता ४.८ लिटरमध्ये ३५० ग्रॅम जावंच लागतं. न्यूयॉर्क शहराने तर १९९४ ते १९९७ या काळात जुना कमोड काढणाऱ्या घरमालकांना पहिल्या कमोडमागे २४० डॉलरपर्यंत दिले आणि सुमारे १३ लाख कमोड बदलून घेतले. नवं पाणी आणण्यापेक्षा आणि नवी सांडपाणी केंद्रं बांधण्यापेक्षा हे स्वस्त पडत होतं.

आपल्याकडे मात्र दोन लिटरचा फ्लश खेड्यापाड्यांत कधीचाच आहे. दोन शोषखड्ड्यांच्या ग्रामीण शौचालयातलं भांडं एकदा नीट बघा. शहरातल्या इंडियन संडासापेक्षा त्याचा उतार खूपच तीव्र असतो, पंचवीस अंशांच्या वर, आणि ट्रॅपमध्ये पाणी जेमतेम २० मिलिमीटर उभं असतं. शहरी कमोडमध्ये हीच उंची ५० मिलिमीटर असते. त्यामुळे ग्रामीण भांड्यात दीड-दोन लिटर पाणी ओतलं की काम होतं, टाकी लागतच नाही. जिथे पाणी डोक्यावरून आणावं लागतं, तिथे घडणीत पाण्याचा विचार आधी होतो.

आता आपल्या घरात या.

कमोड बदलायचा निर्णय घेण्याआधी टाकी खरोखर किती लिटरची आहे ते मोजा. अँगल कॉक (टाकीला पाणी देणारा छोटा नळ) बंद करा, टाकीचं झाकण अलगद बाजूला ठेवा (चिनीमातीचं असेल तर जमिनीवर, काठावर नको) आणि पाण्याच्या पातळीवर पेन्सिलने खूण करा. फ्लश करा. आता लिटरच्या बाटलीने त्या खुणेपर्यंत पाणी भरा. जितक्या बाटल्या लागल्या तितके लिटर. सात-आठ बाटल्यांत खूण गाठली, तर सगळी तोडफोड करण्याइतकं तुमचं दुखणं मोठं नाही. दहा-बारा लागल्या, तर पुढचं वाचा.

दुसरी तपासणी गळतीची, आणि माझ्या मते ती पहिलीपेक्षा महत्त्वाची. टाकीत थोडी नीळ टाका आणि वीस मिनिटं कोणालाही फ्लश करू देऊ नका. भांड्यातलं पाणी निळसर झालं तर टाकीच्या तळाचा वॉशर पाणी सोडतोय. भांड्याच्या मागच्या बाजूने उतरणारी दोऱ्याएवढी धार डोळ्यांना पटकन दिसत नाही. ती मिनिटाला शंभर मिलिलिटर धरली तरी दिवसाला १४४ लिटर होते. वर आपण नवा कमोड आणून रोज १२८ लिटर वाचवले होते, ते सगळे यात गेले आणि वर सोळा लिटर पदरचे.

ही गळती नव्या, महागड्या, दोन बटणांच्या टाकीतही होते, किंबहुना तिथे जास्त संभवते. जुन्या साखळी ओढायच्या लोखंडी टाकीत सायफन असायचा. पाण्याला एक उंचवटा चढून जावं लागायचं, त्यामुळे दांडी ओढल्याशिवाय थेंब खाली येत नसे. बटणाच्या टाकीत तळाशी झडप असते आणि एका रबरी चकतीवर सगळा भरवसा. तिच्याखाली वाळूचा कण किंवा क्षाराची खपली अडकली की धार सुरू. ब्रिटनमध्ये २००० सालाअखेरपर्यंत नव्या घरगुती टाकीत अशी झडप चालत नव्हती, सायफनच लागे. नियम सैल झाला, दोन बटणं आली, आणि पुढे तिथल्याच पाणीकंपन्यांना ओरड करावी लागली की गळक्या झडपा वाचवलेलं पाणी परत घालवताहेत.

ज्यांच्याकडे बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी आहे त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. बादलीच्या काठावर पांढरा थर बसत असेल तर तोच थर टाकीतल्या रबरावरही बसतो. वॉशर स्वस्त असतो आणि दर दोन-तीन वर्षांनी बदलायचीच वस्तू आहे. पण तो मिळाला पाहिजे. म्हणून कमोड घेताना पहिला प्रश्न रंगाचा किंवा डिझाइनचा न विचारता हा विचारा: याच्या आतलं सामान आपल्या गावात मिळतं का? कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याने नकारार्थी मान हलवली तर तो ब्रँड कितीही नावाजलेला असला तरी सोडून द्या. भिंतीत गाडलेली टाकी घेणार असाल तर दुरुस्ती बटणाच्या पट्टीमागच्या छोट्या खिडकीतूनच करावी लागते. तसं काम केलेला प्लंबर हाताशी नसेल तर त्या वाटेला न गेलेलं बरं. टाकीत टाकायच्या रंगीत वड्याही टाळा, त्यांच्या रसायनाने रबर लवकर जातं.

बदलायचंच ठरलं, तर सगळं काढण्याआधी एक मधला मार्ग आहे. अनेक जुन्या घरांत भांडं वेगळं आणि भिंतीवरची प्लास्टिकची टाकी वेगळी असते. अशा ठिकाणी फक्त टाकी बदलून दोन बटणांची बसवता येते. भांडं जुनं आहे, त्याला सहा लिटर पुरणार नाहीत, तेव्हा मोठा फ्लश दहालाच राहू द्या आणि छोटा चार लिटरच्या आसपास ठेवा. माणशी दहा आणि सोळा मिळून सव्वीस, घराचे १०४. म्हणजे नव्या कमोडने जे १२८ लिटर वाचले असते त्यातले ९६ नुसत्या टाकीनेच वाचले, एकही फरशी न फोडता. लघवीच्या फ्लशला काही ढकलायचं नसतं, फक्त वळणातलं पाणी बदलायचं असतं, म्हणून जुनं भांडंही इथे सहसा साथ देतं. खात्री करायची तर भांड्यातल्या पाण्यात नीळ कालवा आणि छोटं बटण दाबा. रंग गेला तर झालं. फिकट निळा राहिला तर पाणी थोडं वाढवा.

टाकीही बदलायची नसेल तर पाण्याने भरलेली, झाकण घट्ट लावलेली लिटरची बाटली टाकीत उभी ठेवायची जुनी युक्ती आहे. दर फ्लशला एक लिटर वाचतं. बाटली फ्लोटला किंवा झडपेला घासणार नाही अशी ठेवा. वीट मात्र ठेवू नका. ती पाण्यात झिजते, तिचा चुरा वॉशरखाली जातो आणि वाचवलेल्या लिटरची गळती होते.

इंडियन संडासावर टाकी असेल तर तिथेही दोन बटणांची बसते, पण सपाट पॅनमध्ये मैला मागून पुढे ढकलायला पाणी जास्त लागतं, त्यामुळे मोठा फ्लश फार खाली आणता येत नाही. बसण्याआधी मगभर पाण्याने पॅन ओला करायची आपल्या आईवडिलांची सवय इथे कोणत्याही यंत्रापेक्षा उपयोगी. कोरड्या पॅनला चिकटतं, ओल्याला नाही.

आणि काही घरांत टाकीच नसते, भिंतीत दाबायचा फ्लश व्हॉल्व असतो. त्यात लिटर किती जाणार हे बोट किती वेळ दाबून ठेवता त्यावर आणि गच्चीवरच्या टाकीच्या दाबावर ठरतं. तिथे मोजणं अवघड, पण आत समायोजनाचा स्क्रू असतो, प्लंबरकडून तो कमी करून घेता येतो.

पूर्ण कमोडच बदलणार असाल तर माप चुकता कामा नये. कमोडचं पाणी खाली फरशीत जात असेल तर तो एस-ट्रॅप, मागे भिंतीत जात असेल तर पी-ट्रॅप. एस-ट्रॅपमध्ये टाइल लावलेल्या भिंतीपासून जमिनीतल्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर लागतं. बाजारात ते चार, नऊ, बारा इंच अशा ठरावीक मापांत मिळतं. पी-ट्रॅपमध्ये फरशीपासून भिंतीतल्या भोकाच्या मध्यापर्यंतची उंची बघतात, बहुतेकदा १८० मिलिमीटरच्या जवळपास. जुन्या इमारतीत नंतर टाइलवर टाइल चढलेली असते, त्यामुळे बिल्डरच्या नकाशातलं माप धरू नका, आज जे आहे ते मोजा. एस-ट्रॅपचं भोक कमोडखाली झाकलेलं असतं, वरून घेतलेलं माप अंदाजाचंच. घरात दुसरा संडास असेल तर जुना आधी उचलून, माप घेऊन मगच नवा आणणं सर्वांत शहाणपणाचं.

खरी धास्ती खालच्या फ्लॅटची असते. जुन्या कमोडचा पाया पांढऱ्या नाहीतर साध्या सिमेंटने फरशीला जखडलेला असतो. तो छिन्नी-हातोडीने सोडवताना धक्का खालच्या वॉटरप्रूफिंगला बसतो आणि दोन महिन्यांनी खालच्यांच्या छतावर ओल उमटते. पुढे सोसायटीच्या सभेत काय होतं ते सांगायला नको. म्हणून प्लंबरला आधीच बजावा: फोडायचं ते भांडं, फरशी नाही. भांडं तसंही टाकूनच द्यायचंय, ते वरून तुकड्या-तुकड्याने फोडून काढता येतं. मात्र फोडताना पाइपाच्या तोंडात गोणपाटाचा बोळा घातलेला हवा, नाहीतर तुकडे आत जाऊन अख्खी लाइन तुंबते. नवा कमोड सिमेंटात गाडू नका, स्क्रू आणि सिलिकॉनने बसवा आणि पाइपाशी रबरी कनेक्टरने जोडा, म्हणजे पुढे कधी काढायची वेळ आली तर तो अख्खा निघेल.

कमी पाण्याने पुढचा पाइप तुंबेल का, असं बरेचजण विचारतात. फ्लॅटमध्ये संडासाच्या भिंतीपलीकडेच डक्ट, म्हणजे उभ्या पाइपांची मोकळी जागा असते, चार-पाच फुटांत मैला उभ्या पाइपात पडतो, तिथे भीती नाही. बंगल्यात किंवा गावच्या घरात संडासापासून चेंबरपर्यंत तीस-चाळीस फूट आडवा पाइप असेल तर गोष्ट वेगळी. पाणी कमी झालं की मैला वाटेत थांबतो. उतार नीट असेल आणि त्याच पाइपात पुढे बाथरूमचं पाणी मिळत असेल तर ते त्याला पुढे नेतं. तसं नसेल, किंवा लाइन आधीच वरचेवर तुंबत असेल, तर आधी लाइनचं बघा. फ्लश करताना बाथरूमच्या जाळीतून गुडगुड आवाज येत असेल तरी तेच, बहुधा हवेचा पाइप बुजलेला असतो आणि नवा कमोड त्याला काही करू शकत नाही.

पैशांचं सरळ सांगायचं तर महापालिकेच्या पाणीपट्टीत हा खर्च वसूल होणार नाही. घरगुती पाणी आपल्याकडे इतकं स्वस्त आहे, आणि बहुतेक सोसायट्यांना मिळून एकच मीटर, की तुम्ही वाचवलेलं पाणी बिलात दिसतही नाही. नव्या टॉवरमध्ये फ्लशला एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचं, शुद्ध केलेलं सांडपाणी येत असेल तर पिण्याचं पाणी वाचवल्याचं समाधानही त्यात नाही. पण सोसायटी उन्हाळ्यात टँकर मागवत असेल तर हिशेब पालटतो. टँकरचा तुमच्याकडचा भाव घ्या, वर काढलेले चाळीस फ्लॅटचे रोजचे पाच हजार लिटर घ्या आणि मार्च ते जूनचा आकडा काढून सभेत ठेवा. सगळ्यांनी एकदम टाक्या घेतल्या तर दुकानदार भाव कमी करतो आणि प्लंबरही एका फेरीत दहा घरं उरकतो. माझं मत विचाराल तर क्रम असा असावा: आधी सगळ्या घरांत नीळ टाकून गळती बंद करायची, मग टाक्या बदलायच्या, आणि कमोड ज्याचा तडकलाय किंवा जो नाहीतरी बाथरूमचं काम काढतोय त्याने बदलायचा.

काढलेल्या कमोडचं काय करायचं हेही प्लंबरशी पैसे ठरवतानाच ठरवा. भंगारवाला चिनीमाती घेत नाही आणि घंटागाडीवालेही राडारोडा उचलत नाहीत, त्यामुळे तो महिनोन्‌महिने पार्किंगमध्ये पडून राहतो.